सहा इंचांची भाकरी

मलकापुरात स्टेशनकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला कडूबाची पिठाची गिरणी लागते. तिला चिकटून किसनराव तायड्यांचं शिलाईचं दुकान. दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल, एक आरसा आणि गळ्यात टेप घातलेले किसनराव. चाळीस वर्षं हा माणूस इथे बसून गावाची मापं घेतो आहे. कुणाची कंबर कोणत्या साली किती होती, हे ते वही न उघडता सांगतात. गावातल्या बऱ्याच जणांना हे आवडत नाही.

टेपशिवाय किसनरावांना जग कळत नसे. त्यांच्या मुलीला, महामायेला पाहायला जावई पहिल्यांदा घरी आले, तेव्हा ते दारातून आत येईपर्यंत किसनरावांनी त्यांचा खांदा नजरेनंच मोजून टाकला होता. साडेसतरा, दोन्हीकडून सारखा. "खांदा सरळ हाय. पोरगा चांगला असंन," ते बायकोच्या कानात म्हणाले. पोरगा खरंच चांगला निघाला. तेव्हापासून तर त्यांना धरबंदच राहिला नाही.

आणि याच माणसाला दिसेनासं झालं.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. सकाळी त्यांची बायको तानाबाई वीस सुया ओवून सुयांच्या गादीवर टोचून ठेवायच्या आणि किसनराव दिवसभर एकेक उपसून वापरायचे. गिऱ्हाइकांना याचा पत्ता नव्हता. रंगीत कापडावर निभून जायचं. पण चौदा ऑक्टोबर जवळ येत होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अख्खी वस्ती पांढरे कपडे घालते आणि तीस वर्षं ते कपडे किसनरावच शिवत आलेत. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा. जुलैत त्यांनी एक सदरा शिवून पाहिला. कॉलर एका कानाकडे चढली होती. त्यांनी तो घरी आणला, उसवला आणि कुणाला सांगितलं नाही. तानाबाईंनी सगळं पाहिलं आणि काही पाहिलंच नाही असं दाखवलं.

ऑपरेशन सप्टेंबरात व्हायलाच हवं होतं. नाहीतर यंदा वस्ती तयार कपडे आणणार. आणि एकदा अंगाला तयार कपड्याची सवय लागली की परत माप द्यायला कोण येतो?

डोळ्यांच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, "काढून टाकू. दहा मिनिटांचं काम." मग त्यांनी रक्ताचा कागद पाहिला. साखर दोनशे अडुसष्ट. "दोनशेच्या आत आणा, मग या." पंधरा दिवसांनी किसनराव परत गेले. दोनशे चौऱ्याहत्तर. डॉक्टरांनी त्यांना शेजारच्या खोलीत पाठवलं.

शेजारच्या खोलीत अनुपमा मॅडम होत्या. काय खावं, किती खावं, एवढंच सांगायला हॉस्पिटलनं माणूस ठेवलाय याचंच किसनरावांना नवल वाटलं. मॅडमच्या टेबलावर प्लास्टिकची पोळी, प्लास्टिकचा भात आणि प्लास्टिकचं केळ होतं. किसनरावांनी पोळी उचलून कडा तपासली. काम सफाईदार होतं.

"काका, एका वेळेला भाकरी किती खाता?"

"दोन."

"तीन," तानाबाई म्हणाल्या.

"तिसरी अर्धीच असते."

"अर्धी मंजे पाऊण."

"आणि भात?"

"भात जेवणात नाई खात मी," किसनराव म्हणाले. "जेवण झाल्यावर खातो."

"मधल्या वेळेला?"

"काईच नाई. मुरमुरे."

"किती?"

"त्याचं काय मोजता मॅडम? हवा हाय ते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. गोड खाल्लं तरच साखर वाढते असं नाही, त्या सांगू लागल्या. भाकरी असो, पोळी असो, भात, बटाटा, मुरमुरे, या सगळ्यांतल्या कार्बोहायड्रेटची पोटात गेल्यावर साखरच होते. म्हणून चहातली साखर तर सोडायचीच, पण ताटातलंही माप ठरवायचं.

"पण कडूबा म्हणते ज्वारीत साखरच नसते. कितीबी खा."

"कडूबा कोण?"

"गिरणीवाला."

"मग तो दुसरं काय म्हणणार, काका?"

हे तानाबाईंना फार पटलं. कडूबाबद्दल त्यांचं मत आधीपासूनच असं होतं.

मॅडमनी हिशेब करून सांगितलं. मधुमेहाची गोळी चालू आहे, वजन इतकं आहे, तर एका जेवणात साधारण पंचेचाळीस ग्रॅम कार्बोहायड्रेट. तीस ग्रॅम पिठाची एक, अशा दोन लहान भाकऱ्या. उरलेल्या ताटात भाजी, वरण, काकडी. भात हवाच असेल तर एक भाकरी कमी.

ग्रॅम हा प्रकार किसनरावांच्या धंद्यात नव्हता.

"मॅडम, मले ते ग्रॅम समजत नाई. इंचात सांगा."

मॅडम हसल्या. "भाकरी एवढीच," म्हणत समोरची प्लास्टिकची पोळी त्यांनी पुढे सरकवली. किसनरावांनी गळ्यातला टेप काढून तिच्यावर आडवा धरला. सहा इंच. एकदा उभाही धरून पाहिला. सहा इंच. त्यांचा चेहरा उजळला. आता हे त्यांच्या हातातलं काम होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी खाकी पुठ्ठ्याचा सहा इंचांचा गोल कापला. कॉलरचा असतो तसा भाकरीचा फर्मा. तो तव्याशेजारी खिळ्याला टांगला. पहिली भाकरी आली, ती सव्वासात निघाली.

"सव्वा इंच जास्त हाय."

"मंग काय कैचीनं कापू?" तानाबाई म्हणाल्या.

"नाई. पुढची नीट घाल."

दुसरी साडेसहा. तिसरी सहा आणि एक दोरा. चौथी बरोबर फर्म्यात बसली. पहिल्या तीन तानाबाईंनी स्वतः खाल्ल्या आणि नवऱ्याच्या साखरेपायी आपलं पोट बिघडणार असं जाहीर केलं.

तिसऱ्या दिवसापासून मात्र एकही भाकरी मापाबाहेर गेली नाही. ताटात दोन यायच्या. टेप लागायचा. सहा आणि सहा. किसनराव जेवायला बसायचे आणि दुसरी भाकरी संपेपर्यंत त्यांचं पोट टम्म भरायचं. याचं त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले. "माणसाले लागतेच किती बे? सहा इंच. बाकी सारा हावरटपणा. मी चाळीस वर्षं फुकट खाल्लं."

"तोंड पाह्य याचं," कडूबा गिरणीच्या दारातून ओरडायचा. अंगभर पीठ, फक्त डोळे काळे. "किसना, काल काय तर म्हणे वहिनीले भाकरीची कड दुमडाले लावली तू? काज-बटन बी लावून घे ना मंग!"

किसनरावांनी मनावर घेतलं नाही. भात बंद, चहा बिनसाखरेचा, मुरमुरे मात्र तेवढे राहिले, कारण ते कुठल्याच मापात बसत नव्हते. भाकरी भाजायला हल्ली फार वेळ लागतो आणि गॅस लवकर संपतो, अशी तानाबाईंची एक बारीक कुरकुर होती. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

महिन्यानं हॉस्पिटलात कागद आला. दोनशे एक्याऐंशी.

किसनरावांनी कागद उलटा करून पाहिला. दुसऱ्या कुणाचा असेल म्हणून नाव वाचायला लावलं. नाव त्यांचंच होतं. ऑगस्ट संपत आला होता. वस्तीतल्या दोन बायका कालच पांढरं कापड घेऊन विचारून गेल्या होत्या, कधी घ्यायचं माप म्हणून. "पुढच्या हप्त्यात या," असं ते म्हणाले होते.

"तुम्ही भाकरी जास्त खाताय, काका."

"मॅडम, टेप लावून खातो मी. एक दोरा इकडंतिकडं नाई."

अनुपमा मॅडमनी तानाबाईंकडे पाहिलं. तानाबाईंनी खिडकीकडे पाहिलं.

"उद्या घरची भाकरी डब्यात घेऊन या," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. मॅडमनी भाकरी बोटांनी उचलली. भाकरी वाकली नाही. त्यांनी ती टेबलावर ठेवली, तर ठक्क असा आवाज झाला. मग छोट्या काट्यावर ठेवली. एकशे बहात्तर ग्रॅम. मॅडमनी ती उभी धरली आणि किसनरावांना बाजूनं दाखवली. विटेच्या जातीचं काहीतरी होतं ते.

"काका, तीस ग्रॅम पिठाची भाकरी भाजून पन्नासेक ग्रॅम भरते. ही एक म्हणजे साडेतीन भाकऱ्या. तुम्ही एका जेवणाला सात खाताय."

"सहा इंच हाय ना पण?" तानाबाई म्हणाल्या. "मोजून घ्या. सहा म्हणलं, सहा देल्ली."

"पण मावशी, जाड केली तुम्ही."

"मंग काय करू? पीठ तर तेवढंच मळते मी. रोजचं हाताले बसलेलं हाय. हे गोल लहान करा म्हणे. उरलेलं पीठ जाईन कुठं?"

किसनराव अजून त्या उभ्या धरलेल्या भाकरीकडे पाहत होते. महिनाभर त्यांनी भाकरी वरूनच पाहिली होती. टेबलावर पसरलेलं कापड पाहावं तशी. लांबी पाहिली, रुंदी पाहिली, गोलाई पाहिली. चाळीस वर्षांत त्यांनी कधी कापडाची जाडी मोजली नव्हती. मापाच्या वहीत छाती आहे, कंबर आहे, बाही, खांदा, मुंढा, सगळं आहे. जाडीचा रकानाच नाही.

"मले कसं दिसलं नाई हे?" ते हळूच म्हणाले.

"तुम्हाला मोतीबिंदू आहे, काका," मॅडम म्हणाल्या. ही त्यांनी दिलेली सवलत होती, हे सगळ्यांना कळलं.

घरी येताना रस्त्यात तानाबाई म्हणाल्या, "तुमी पोटभर जेवून उठत होते. मले वाटलं, भागून राह्यलं." किसनरावांना राग आला होता, पण तो नेमका कुणावर काढावा ते ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी तो भाकरीवर काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेतली आणि भाकरी बंद असं सांगून टाकलं. पूर्ण बंद. वांग्याची भाजी खाल्ली, वाटीभर ताक प्याले आणि दुकानात गेले. दोनशेच्या आत यायचंय ना, मग अर्धवट कशाला?

साडेअकराला ते एका ब्लाउजची बाही कापत होते. आधी घाम आला. मग हात थरथरले. वाटलं, उकडतंय. त्यांनी कापणं चालूच ठेवलं. मग टेबल जरा लांब गेलं. नंतर कळलं की त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या.

कडूबा दुकानावरून चहा प्यायला चालला होता. किसनराव टेबलावर डोकं टेकून बसलेले त्याला दिसले. कडूबा मूर्ख आहे असं गावाचं मत आहे, पण त्याच्या आईला साखरेचा आजार होता. तो धावत गेला, गिरणीतून साखरेचं पाणी करून आणलं आणि किसनरावांच्या तोंडाला लावलं. पेल्याला पीठ लागलेलं होतं.

"पी बे. सारं पी."

"साखर हाय ना यात."

"माहीत हाय मले! मराले निघाला काय बे? पी म्हणतो ना!"

दहा मिनिटांनी टेबल जागेवर आलं. तानाबाई आल्या, तेव्हा किसनराव बाह्यांकडे पाहत बसले होते. त्या रागावतील असं त्यांना वाटलं. पण तानाबाईंनी पदरानं त्यांची मान पुसली आणि कडूबाला म्हणाल्या, "भाऊ, तुमचा पेला धुवत जा जरा."

फोनवर अनुपमा मॅडमनी मात्र चांगलंच झाडलं. गोळी घेऊन पोटात धान्य नाही म्हणजे काय? साखर खाली गेली. जीवावर बेतलं असतं. कमी खा म्हणजे काहीच खाऊ नका असं कुणी सांगितलं?

"मंग किती खाऊ, ते एकदा नक्की सांगा," किसनराव चिडून म्हणाले. "जास्त खाल्लं तर डोळे जातात. नाई खाल्लं तर मी जातो. मधलं माप कोणतं हाय?"

"मी सांगितलं ते अंदाजाचं माप आहे, काका. प्रत्येकाचं अंग वेगळं असतं."

फोन ठेवून ते पुटपुटत बसले. अंदाजाचं माप! डॉक्टरकीचं शिकलेली माणसं आणि अंदाज सांगतात.

तानाबाई लसूण सोलत होत्या. "तुमी काऊन एवढे चिडता?" त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाचं माप घेतलं की लगेच पक्का सदरा शिवून देता का? कच्चे टाके घालता, अंगात घालून पाहता, मंग कुठं आवळता, कुठं सोडता. ट्रायल घेताच ना? मंग पोटाची घ्या ना ट्रायल."

किसनरावांनी मान वर केली. बायकोकडे पाहिलं. मोतीबिंदूमुळे त्या जरा धूसर दिसत होत्या, पण बरोबर बोलत होत्या.

महामायेनं अकोल्याहून साखर मोजायचं मशीन पाठवलं. कसं वापरायचं ते मॅडमनी दाखवलं. जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी बोट टोचायचं. एकशेऐंशीच्या आत राहिलं तर जेवण अंगाला बसलं असं समजायचं. गोळी आपल्या मनानं कमीजास्त करायची नाही आणि जेवण चुकवायचं नाही.

ट्रायल सुरू झाली. किसनरावांनी आकडे लिहायला भिंतीवर खाकी कागद लावला. पहिल्या दिवशी दोन पातळ भाकऱ्या, ठेचा, आणि जेवून लगेच शिलाईच्या मशीनवर. दोन तासांनी दोनशे सोळा. ढिलं झालं, किसनराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच दोन भाकऱ्या, पण घट्ट वरण, मेथीची भाजी, काकडी. एकशे ब्याण्णव. तिसऱ्या दिवशी तेच जेवण आणि नंतर स्टेशनपर्यंत पायी जाऊन परत. एकशे एकोणसत्तर. किसनरावांनी आकड्याभोवती गोल काढला. आता बसलं.

मुरमुऱ्यांची ट्रायल एका दुपारी झाली. मोठी वाटीभर, फोडणी घालून. दोनशे सदतीस.

"हवा हाय म्हणत होते ना तुमी?" तानाबाई म्हणाल्या.

आता तानाबाईंनाही चेव चढला होता. आकडा वाढला की तो त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. "माह्या भाकरीनं नाई वाढली. तुमी वाटेत कोणाशी तरी गप्पा छाटत उभे राह्यले असान." पीठ त्या आता लहान वाटीनं मोजून घेत. एवढ्याशा पिठाची भाकरी न फाटता थापणं सोपं नाही. ज्वारी कडेला भेगाळते. चार दिवस तुकडे झाले. पाचव्या दिवशी अशी भाकरी उतरली की तानाबाईंनी ती दिव्यासमोर धरली आणि शेजारणीला बोलावून दाखवली.

कडूबा रोज भिंतीवरचा कागद वाचायला यायचा. एकदा म्हणाला, "माह्या बी बोटाले टोच पाहू." टोचलं. दोनशे चव्वेचाळीस.

"मशीन बिघडलं तुमचं," कडूबा म्हणाला आणि निघून गेला. तीन दिवस फिरकला नाही. चौथ्या दिवशी आला आणि इकडंतिकडं पाहत म्हणाला, "किसना, तो पुठ्ठ्याचा फर्मा हाय का रे तुयाजवळ?"

"तो चुलीत घातला."

"मंग मी किती खाऊ?"

"मले काय माहीत? मॅडमकडं जा. तिथून माप आण, मंग ट्रायल घेऊ." किसनरावांनी त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत कडूबाचा चेहरा पिठाखाली इतका उतरलेला त्यांनी पाहिला नव्हता. "भिऊ नको बे. मी येतो संगं."

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात किसनराव आणि तानाबाई हॉस्पिटलात गेले. आदल्या दिवशी वस्तीतल्या बायका परत येऊन गेल्या होत्या. या खेपेला त्या कापड ठेवूनच गेल्या. पांढऱ्या कापडाचा ढीग दुकानात टेबलावर पडला होता आणि किसनरावांनी त्याला हात लावला नव्हता.

सिस्टरनं रक्त घेतलं. दोघं बाकावर बसले. किसनरावांनी कुणाचाही खांदा मोजला नाही. तानाबाईंनी पिशवीतून काकडी काढली, त्यांना अर्धी दिली. ती त्यांनी हातातच धरून ठेवली. पाऊण तासानं सिस्टर कागद घेऊन आल्या.

"किसनराव तायडे?"

दोघंही उभे राहिले.

"एकशे अठ्ठावन्न."

तानाबाई परत खाली बसल्या. किसनराव उभेच होते. त्यांनी सिस्टरला आकडा पुन्हा वाचायला लावला. मग तानाबाईंकडे वळून म्हणाले, "तुही भाकर जमली." चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदाच स्वयंपाकाचं कौतुक केलं होतं. तानाबाईंनी पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं आणि बराच वेळ त्यांना ते सापडलं नाही.

डॉक्टरांनी कागदावर सही केली. उद्या सकाळी नऊ वाजता उजवा डोळा. सिस्टरनं थेंबांची बाटली दिली, सकाळची गोळी कधी घ्यायची ते लिहून दिलं, सोबत कोण येणार ते विचारलं. "आणि आज संध्याकाळी हलकं काहीतरी खा. झालं. निघा आता."

कुणी निघालं नाही.

"हलकं मंजे?" किसनरावांनी विचारलं.

"हलकं म्हणजे... हलकं. थोडंसं."

"थोडंसं मंजे किती?" तानाबाई म्हणाल्या. "ग्रॅममंधी सांगा."

"आणि किती जाड," किसनराव म्हणाले.

सिस्टरनं त्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांच्या मागे आणखी सात पेशंट उभे होते.

"अहो, घरी जाऊन जे असेल ते खा ना."

किसनराव बाकावर बसले. तानाबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

"तुमी मॅडमले इचारून या," त्या म्हणाल्या. "आमी बसतो इथंच."